पुस्तक शाळेतून हटवलं, तर इन्स्टाग्राम काय करू शकतं?

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत शाळांच्या ग्रंथालयांतून पुस्तकं हटवली जात होती. तेव्हा, एप्रिल २०२२ मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पब्लिक लायब्ररीनं ‘बुक्स अनबॅन्ड’ हा उपक्रम सुरू केला. देशभरातल्या १३ ते २१ वर्षांच्या कुणालाही मोफत ई-कार्ड आणि त्यावर घरबसल्या ई-पुस्तकं, ऑडिओबुक्स.

यात सोशल मीडिया कुठे आला?

कार्डासाठी ईमेल करा किंवा लायब्ररीच्या किशोरवयीनांच्या इन्स्टाग्राम अकाउंटवर मेसेज पाठवा, असं सांगण्यात आलं. म्हणजे इन्स्टाग्राम नुसता सूचनाफलक राहिला नाही. ती सभासद नोंदणीची खिडकी झाली.

हे महत्त्वाचं का?

त्याच वर्षी ओक्लाहोमातल्या एका शिक्षिकेनं या उपक्रमाचा क्यूआर कोड वर्गात लावला. वाद पेटला, त्यांनी नोकरी सोडली आणि २०२४ मध्ये त्यांचा अध्यापन परवानाही रद्द झाला. माहिती देणाराच अडचणीत येत असेल, तर मुलांनी थेट लायब्ररी गाठणं हाच मार्ग उरतो.

ग्रंथालयांच्या सोशल मीडियाचं यश मोजताना म्हणूनच लाइक्स पुरेसे नाहीत. पोस्ट पाहून किती जणांच्या हाती पुस्तक पडलं, हा खरा प्रश्न आहे.