बर्फाचा दारुमा आणि आपली काळी माती

जळगाव-धुळ्याकडच्या आपल्या लेकरांना बर्फ ठाऊक आहे तो गोळेवाल्याच्या गाडीवरचा. आभाळातून पडतात त्या गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने राज्यभर उभी पिके आडवी केली आणि शेतमजुरांची मजुरीही बुडाली. म्हणून आभाळातून बर्फ पडला की माणसे हसत बागेत जातात, हे ऐकून आपल्याला नवल वाटते.

टोकियोत मोठे हिम क्वचितच पडते. पडले की मुले बागेत धावतात, बर्फाचे दोन गोळे एकावर एक ठेवून माणूस उभा करतात. त्याला म्हणतात युकिदारुमा. युकी म्हणजे बर्फ आणि दारुमा म्हणजे आपले भन्ते बोधिधम्म! दक्षिण भारतातून ते चीनला गेले, नऊ वर्षे भिंतीकडे तोंड करून ध्यानाला बसले, अशी परंपरा सांगते. बसून बसून पाय झडले, ही मात्र दंतकथा. ती खरी मानायला आपण बांधलेले नाही. पण जपानची दारुमा बाहुली त्यावरूनच बिनहातापायांची झाली. ढकलली तरी ती पुन्हा उभी राहते.

त्याच देशात साप्पोरो शहर आहे. तेथील ओदोरी उद्यानात रस्त्यांवरचा उपसलेला बर्फ टाकत. १९५० साली, युद्धातील पराभवाला जेमतेम पाच वर्षे झाली असताना, हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी त्या बर्फाचे सहा पुतळे केले. त्यातून उभा राहिलेला हिमोत्सव पाहायला आज जगभरातून लोक येतात. सुरुवात केली ती शाळकरी पोरांनी, आणि तीही फुकटच्या मालावर.

आपल्या वस्तीत फुकटचा माल म्हणजे माती. पोरगे चिखलात बसले की आई ओरडते. तिचेही खरे आहे. गणवेश एकच असतो, आणि दिवसभर कामावरून आल्यावर तो धुवायचाही तिलाच. पण विहारात भाषणाची स्पर्धा होते, निबंधाची होते, हातांची का होऊ नये? पाठांतर न जमणारे एखादे मूल तेथे पुढे येईल.

वर्षावासात माती ओली असते. एखाद्या रविवारी विहाराच्या अंगणात काळ्या मातीची चार घमेली आणावीत. खडे वेचावेत, थोडे भुस्कट मिसळावे, म्हणजे वाळताना तडे कमी जातात. मुलांना जुने कपडे घालून पाठवावे. स्तूप, बैल, एस.टी., जे सुचेल ते करू द्यावे; मोठ्यांनी मधे हात घालू नये.