शाल नंतर, वही आधी

संगीत मंडळाचे संस्थापक निवृत्त होणार म्हटले की आपल्याकडे पुढचा सगळा कार्यक्रम कुणालाही न विचारता ठरून जातो. सभागृह घेतले जाते, एखाद्या नामवंत गायकाचा होकार मिळवला जातो, शाल-श्रीफळ, मानपत्र, सन्मानचिन्ह येते आणि पैसे जमलेच तर गौरवग्रंथही निघतो. ‘यांच्याशिवाय मंडळाची कल्पनाच करवत नाही’ हे वाक्य निदान तिघा वक्त्यांच्या तोंडी असते आणि त्यावर टाळ्याही पडतात. मग संस्थापकांना ‘आजीव मार्गदर्शक’ असे काहीतरी पद दिले जाते, आणि आठवड्याभरात पुढच्या बैठकीला साथीला कोण हे विचारायला फोन पुन्हा त्यांनाच जातो. या कौतुकात खोटेपणा नसतो. पण ज्या वाक्यावर सर्वांत जोरात टाळ्या पडतात, ते खरे तर संस्थेबद्दलची तक्रार आहे. तीस-चाळीस वर्षे चाललेल्या मंडळाची कल्पना एका माणसाशिवाय करवत नसेल, तर त्या माणसाचे आभार मानण्यात आपण फार उशीर केला आहे. आभार मानायचे तर त्यांच्या हातातले काम काढून घेतले पाहिजे, आणि तेही त्यांच्या डोळ्यांदेखत.

हे काम म्हणजे काय, याचा अंदाज श्रोत्याला नसतो आणि नसावाही. महिन्याची एक साधी बैठक घ्या. गायिकेची पट्टी काळी चार आहे, म्हणजे त्या पट्टीला जुळणारा तबला हवा आणि त्या पट्टीत मिळणारी तंबोऱ्यांची जोडी हवी. गेल्या वेळी गायकांनी काळी एकला लावलेली जोडी चालणार नाही, आणि दुसऱ्या जोडीची जवारी बिघडल्याचे कुणाच्या तरी लक्षात असायला हवे. पेटीवाले त्या दिवशी दुसऱ्या गावी आहेत, पर्यायी नाव विचारायचे तर या गायिकेला कोणाची साथ रुचते हे ठाऊक पाहिजे. तंबोऱ्यावर बसायला दोन विद्यार्थिनी हव्यात. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो, म्हणजे मध्यंतर किती मिनिटांचे ते आधीच बोललेले बरे. मानधनाचे पाकीट साथीदारांनाही त्याच वेळी आणि तेवढ्याच आदराने मिळाले पाहिजे. अनेक मंडळांची खरी पत इथेच कळते. यातले बरेचसे कुठेही लिहिलेले नसते. ते संस्थापकांच्या डोक्यात आणि फार तर त्यांच्या एका जुन्या डायरीत असते. त्यांना मानपत्र देऊन आपण ही डायरी त्यांच्याकडेच ठेवतो, आणि ते गेले की तीही जाते.

असे होऊ नये म्हणून काय करावे लागते, याचा सगळ्यात मोठा दाखला आपल्याच घरातला आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले. गाणे शिकायचे तर उस्तादाच्या किंवा बुवांच्या घरी वर्षानुवर्षे सेवा करायची, हा तेव्हाचा रिवाज. त्या काळात वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा आणि छापील स्वरलिपी आणणारी, संस्थानिकाच्या पदरी न राहता लोकांच्या देणग्यांवर आणि स्वतःच्या मैफलींच्या उत्पन्नावर चालणारी ती संस्था होती. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांनी पुढे केलेली गोष्ट. 1908 साली ते मुंबईला आले आणि इथे नवे विद्यालय उभारू लागले. लाहोरचे विद्यालय त्यांच्यामागे चालू राहिले. 1916 मध्ये त्याच विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे सोपवले. ओंकारनाथांचा जन्म 1897 चा. म्हणजे ज्या वयाच्या मुलाला आजची कार्यकारिणी खुर्च्या मांडायला लावते, त्या वयाच्या मुलाच्या हाती संस्थापकाने आपली पहिली संस्था दिली. हे अपवादाने झाले नव्हते. त्यांच्या विद्यालयात ‘उपदेशक वर्ग’ होता, त्यातले विद्यार्थी अनेक वर्षांच्या कराराने राहत, आणि गावोगाव जाऊन शिकवण्यासाठीच तयार होत.

पुढे जे घडले ते कुणाही संस्थापकाच्या वाट्याला येऊ नये. मुंबईच्या इमारतीसाठी काढलेले कर्ज फिटेना, आणि घेणेकऱ्यांनी इमारत लिलावात काढली. पलुसकर नाशिकला गेले, रामनामात रमले आणि 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेला वारले. वास्तू गेलेली, हाताशी पैसा नाही आणि संस्थापकही नाही. तरीही त्याच वर्षी शिष्य अहमदाबादला जमले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. 1932 मध्ये विनायकराव पटवर्धनांनी पुण्याला विद्यालय काढले. प्रा. बी. आर. देवधर तर 1925 पासूनच मुंबईत स्वतःची शाळा चालवत होते. 1947 मध्ये सुरू झालेल्या मंडळाच्या ‘संगीत कला विहार’ या मासिकाचे संपादनही त्यांच्याकडे आले. आज महाराष्ट्राच्या कुठल्याही तालुक्याच्या गावी एखादी मुलगी ‘प्रारंभिक’ची नाहीतर ‘विशारद’ची परीक्षा देते, तेव्हा ती परीक्षा याच मंडळाची असण्याचा संभव मोठा असतो. लिलाव इमारतीचा झाला. संस्था आधीच डझनावारी शिष्यांच्या हाती गेलेली होती, म्हणून ती लिलावात काढताच आली नाही.

यावर कोणी म्हणेल की पलुसकर अवतारी पुरुष होते, त्यांच्या मापाने गावच्या म्युझिक सर्कलला मोजू नका. ठीक, लहान उदाहरण घेऊ. भास्करबुवा बखले यांनी 1911 मध्ये पुण्यात भारत गायन समाजाची मुहूर्तमेढ रोवली. बुवा स्वतः मैफलींत आणि नाटकमंडळीच्या तालमींत गुंतलेले. दर आठवड्याच्या हजेरीपटावर त्यांची सही असेल अशी शक्यताच नव्हती. 1922 मध्ये ते गेले. संस्थेला अकरा वर्षेच झाली होती, पण मास्टर कृष्णरावांसारखे शिष्य काम उचलून घ्यायला तयार होते, आणि समाजाचे नाव शंभरी ओलांडून पुढे गेले. उलट, पुणे गायन समाज 1874 साली बळवंत त्रिंबक सहस्रबुद्धे यांच्या उत्साहावर उभा राहिला, मद्रासपर्यंत त्याची शाखा निघाली. आज तो संगीताच्या इतिहासाच्या अभ्यासकांनाच ठाऊक आहे. एका संस्थेचे टिकणे आणि दुसरीचे विरणे याला कारणे अनेक असतात, सगळा भार वारसदारांवर टाकणे बरोबर नाही. तरी शिष्यांची किंवा कार्यकर्त्यांची दुसरी फळी ही त्यांतली पहिली गोष्ट, असे माझे स्पष्ट मत आहे.

या फळीचा विचार सुरुवातीपासून केला तर किती फरक पडतो हे पाहायचे असेल तर ‘स्पिक मॅके’कडे पाहावे. दिल्लीच्या आयआयटीत शिकवणाऱ्या किरण सेठ यांनी 1977 मध्ये तरुणांत शास्त्रीय संगीत रुजवणारी ही चळवळ सुरू केली आणि ती विद्यार्थी-स्वयंसेवकांवर उभी केली. विद्यार्थी चार-पाच वर्षांत पदवी घेऊन निघून जाणारच. कलाकाराला स्टेशनवरून आणणे, त्यांच्या जेवणाच्या वेळा सांभाळणे, मंचावर बिछायत घालणे हे सगळे दर दोन-तीन वर्षांनी नव्या मुलांना नव्याने शिकवावे लागते. वरकरणी ही केवढी गैरसोय! पण त्यामुळेच काम हाती देण्याची सवय संस्थेच्या अंगी मुरते, कारण तिला दुसरा इलाजच नसतो. आपल्या गावोगावच्या मंडळांत नेमके उलटे असते. चिटणीस वीस वर्षे तेच, खजिनदार पंचवीस वर्षे तेच, आणि तरुण मंडळी येत नाहीत म्हणून सगळ्यांची खंत. ज्या सभेत कधी बोलूच दिले जात नाही, तिथे तरुण यावेत कशाला?

आता खरा आक्षेप. संगीत मंडळ म्हणजे काही सहकारी पतपेढी नव्हे, असे जाणते श्रोते म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. मंडळाला चेहरा येतो तो संस्थापकाच्या कानामुळे. नाव न झालेल्या कुठल्या गायकाला संधी द्यायची, कुणाला यंदा थांबायला सांगायचे, पाहुण्या कलाकाराबरोबर कोणता तबलजी रंगेल हे ठरावाने, मतदानाने ठरत नाही. समितीच्या हाती कारभार गेला की नावाजलेली चार नावे फिरून फिरून येतात आणि मंडळ बेचव होते. असे घडलेले आहे, हे नाकारून चालणार नाही. पण रुची हातोहात देता येत नाही, असे निदान गुरुशिष्य परंपरेवर जगणाऱ्या संगीताच्या क्षेत्राने तरी म्हणू नये. गळ्यातली फिरत जी परंपरा पुढच्या पिढीकडे पोचवते, तिला कार्यक्रमाची आखणी शिकवता येणार नाही? त्यासाठी पुढच्या फळीला निवडीच्या बैठकीत पाच वर्षे शेजारी बसवावे लागते, तिची चुकलेली निवड एखाद्या वेळी सोसावी लागते. सवाई गंधर्व महोत्सव पाहा. सवाई गंधर्व 1952 मध्ये गेले आणि पुढच्या वर्षीपासून भीमसेन जोशींनी हा महोत्सव भरवायला सुरुवात केली. स्मरण आपल्या गुरूंचे, किराणा घराण्याच्या मोठ्या गवयाचे, पण व्यासपीठ सगळ्या घराण्यांना खुले. भीमसेनजींच्या नावावाचून या महोत्सवाची कल्पना खरोखरच कुणाला करवत नव्हती. 2011 मध्ये ते गेले. त्यांचे नाव महोत्सवाच्या नावाला जोडले गेले, 2018 मध्ये रमणबाग सोडून मंडप मुकुंदनगरला गेला, जुन्यांनी कुरकुर केली, आणि डिसेंबर आला की रांगा लागतातच. कारभार संस्थापकाच्या घरातच राहिला, असे कोणी म्हणेल. राहिला, पण आर्य संगीत प्रसारक मंडळाची आणि कार्यकर्त्यांची घडी आधी बसलेली होती. नुसत्या आडनावावर एवढा मंडप उभा राहत नाही.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे. माणसाने आयुष्य वेचले, त्याला निवांतपणे निरोप द्यायचा सोडून तुम्ही हिशेबाच्या वह्या काय मागता? मला वाटते, सत्कार व्हावाच, थाटात व्हावा. फक्त क्रम बदलावा. हस्तांतर आधी, सत्कार नंतर. आपल्याकडे बहुतेक मंडळे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असतात, आणि विश्वस्त बदलले की कायद्याच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला तसे कळवावे लागते. मंडळांच्या भाषेत याला ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. संस्थापक खरोखर निवृत्त झाले की नाही हे मानपत्रावरून कळत नाही, या कागदावरून कळते. तो वेळेवर गेला नाही की बँकेतल्या सह्यांचा घोळ सुरू होतो, अनुदानाचे अर्ज अडकतात, आणि संस्थापकांच्या पश्चात दोन गट आपणच खरे विश्वस्त म्हणून भांडत बसतात. ज्यांनी मंडळ उभारले त्यांच्या नावाने असे दावे चालावेत, याहून मोठी कृतघ्नता कोणती? त्या मानाने त्यांच्या हयातीत, त्यांना विचारत, त्यांची चेष्टामस्करी ऐकत वही ताब्यात घेणे हे कितीतरी प्रेमाचे काम आहे.

आणि संस्थापकांनाही चार शब्द सांगायला हवेत, कारण सगळा दोष मागे राहणाऱ्यांचा नसतो. निवृत्ती जाहीर करून पुन्हा प्रत्येक निर्णयात बोट घालणारे संस्थापकही कमी नाहीत. याच्या उलट, कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीचे पंडित विजय किचलू यांचे उदाहरण इथे आठवते. 1970च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ती संस्था बांधली, सुमारे पाव शतक चालवली. राशिद खान तिथेच घडले. किचलू पायउतार झाल्यावरही अकादमी चालू राहिली, आणि उल्हास कशाळकरांसारखे मराठी गायक तिथे गुरू म्हणून पिढ्या घडवत राहिले. तिथे एका मोठ्या कंपनीचा पैसा पाठीशी होता, ही गोष्ट खरी, आणि ज्या मंडळाला वर्गणीवर चालायचे आहे त्याची चिंता वेगळी असते. पण पैशाने इमारत टिकते. संस्थापक गेल्यावर शिष्याने तालमीला येत राहणे, गुरूने शिकवत राहणे हे पैशाने होत नाही. त्यासाठी जाणाऱ्याने दार खरोखर उघडे ठेवून जावे लागते.

राहता राहिला, मोबाइलवर जगातले सगळे गाणे उपलब्ध असताना या मंडळांची गरजच काय, हा प्रश्न. त्याचे उत्तर श्रोत्याला विचारू नका, नव्या तबलजीला विचारा. पहिली साथ, पहिले मानधन, चूक झाल्यावर मध्यंतरात कानात सांगणारा वडीलधारा कलावंत त्याला मोबाइलवर मिळत नाही.

तुमच्या गावात असे कोणी संस्थापक यंदा निवृत्त होत असतील तर सत्काराला जरूर जा. पण त्याआधी चिटणिसांना गाठा आणि चेंज रिपोर्ट दाखल झाला का ते विचारा. थकलेली वर्गणी भरा. पुढच्या बैठकीला तंबोरे आणण्याचे, कलाकारांना स्टेशनवरून घेऊन येण्याचे किंवा पाकिटांचे काम आपल्या नावावर लिहून घ्या, आणि ते कसे करायचे हे निवृत्त होणाऱ्यांना या आठवड्यातच विचारून ठेवा.