दरारा-पंथ

मुलं वाढवणं आणि कुत्रं पाळणं या दोन विषयांवर सल्ला द्यायला आपल्याकडे अनुभवाची अट नसते. आमच्याकडे मोत्या आल्यापासून दूधवाल्यापासून विमा एजंटापर्यंत सगळ्यांचे सल्ले मी ऐकतो आहे. त्यांचं सार एकच : "दरारा पाहिजे, दरारा!"

या दरारा-पंथाची आचारसंहिता मोठी कडक. कुत्र्याच्या आधी आपण जेवायचं. दारातून आधी आपण बाहेर पडायचं. त्याला सोफ्यावर बसू द्यायचं नाही, कारण उंच बसलं की त्याला राज्याभिषेक झाल्यासारखं वाटतं म्हणे. आणि फारच शेफारलं, तर उताणं पाडून, मान दाबून, डोळ्यांत डोळे घालून "इथला साहेब मी" हे पटवून द्यायचं. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ म्हणजे या पंथाचं मूळपीठ. कचेरीत ज्यांचं शिपायानंही कधी ऐकलं नाही, त्यांना उतारवयात एक अल्सेशियन मिळाला. "लांडग्याची जात आहे," ते मला बजावतात. "कळपात राजा एकच. तुम्ही झाला नाहीत, तर तो होईल!"

आता मला सांगा, आमचा मोत्या राजा होऊन करणार काय? रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून नाव लावणार? ते पद आमच्या घरात मलासुद्धा मिळालेलं नाही. तो दारातून आधी धावतो ते सत्ता बळकावायला नव्हे. बाहेर त्याचं काम असतं, आणि ते सकाळपासून तुंबलेलं असतं.

गंमत म्हणजे या राजाची गोष्टच मुळात कच्ची आहे. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या संशोधकानं बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं. कोंडलेले लांडगे वरचढ होण्यासाठी भांडतात, असं त्याला दिसलं. भांडतीलच! एसटीच्या एका बाकावर सहाजणांना कोंबून मराठी माणसाच्या कुटुंबजीवनावर प्रबंध लिहिला, तर तो असाच व्हायचा. १९७० साली डेव्हिड मीच या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या पुस्तकानं ही कल्पना सर्वदूर नेली. पण पुढे याच मीचनं कॅनडाच्या उत्तर टोकाच्या एल्स्मिअर बेटावर रानातले लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले आणि १९९९ साली लिहून टाकलं की, रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पोरं. राजा कसला, तो बाप निघाला! मग आपलं जुनं पुस्तक छापू नका म्हणून तो प्रकाशकाच्या मागे लागला; २०२२ साली ते छापणं अखेर थांबलं. स्वतःचं खपणारं पुस्तक बंद करा म्हणणारा लेखक मराठीत तरी माझ्या पाहण्यात नाही.

उताणं पाडण्याचा तोडगा न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्कीट मठाच्या साधूंनी १९७८ सालच्या पुस्तकात दिला होता. पुढच्या आवृत्तीत त्यांनीच तो मागे घेतला. साधूंनी सोडलं, पण आमचे गृहस्थ सोडायला तयार नाहीत.

इथवर हसून सोडून देता येईल. पण पुढचं तसं नाही. २००९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पाहणीत, वागण्याच्या तक्रारीसाठी आणलेल्या कुत्र्यांच्या मालकांना विचारलं गेलं. मारणं, उताणं पाडणं, डोळे वटारून पाहणं या उपायांनी निदान पाव हिश्श्याची कुत्री उलट अंगावर आली होती. कुत्र्याचं गुरगुरणं ही नोटीस असते, बाबांनो! फटके देऊन ती बंद केली, की पुढची कारवाई विनानोटीस होते. आणि ती साहेबांवर होत नाही. ती चार वर्षांच्या नातीवर होते. कारण दरारा हा ज्याचा त्याच्यापाशी. तो घरातल्या दुसऱ्याच्या नावावर करून देता येत नाही.

"मग काय लाड करायचे?" हा पंथाचा ठेवणीतला प्रश्न. अहो, प्रेम म्हणजे बर्फी भरवणं नव्हे. प्रेमाला दराऱ्यापेक्षा जास्त शिस्त लागते, आणि ती कुत्र्याला नाही, आपल्याला लागते. 'बस' म्हटल्यावर तो बसला, की तुकडा त्याच क्षणी तोंडात गेला पाहिजे; आपण खिसे चाचपत बसलो, की त्याला उठून उभं राहिल्याचं बक्षीस मिळतं. अंगावर उडी मारली, तर न ओरडता पाठ फिरवायची. घरातल्या सगळ्यांनी शब्द एकच वापरायचा. नाहीतर आई 'उतर' म्हणते, मुलगी 'डाऊन' म्हणते आणि बिचारा दोघींचं ऐकून जागीच बसून राहतो. हे सगळं रोज, महिनोन्महिने. काठी उगारणं त्या मानानं फार सोपं. म्हणूनच तिला इतके अनुयायी.

आपल्याकडे तर या बाबतीत थोरांचे दाखले आहेत. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव धावले ते तुपाची वाटी घेऊन. धर्मराजानं कुत्र्यासाठी स्वर्गाच्या दारात हट्ट धरला. कुत्रं आधी आत शिरेल, ही काळजी काही त्याला पडली नाही. पण आपण लक्षात ठेवली ती नळी आणि वाकडं शेपूट. ते शेपूट सरळ करायला पिढ्यान्‌पिढ्या झटल्या. मुळात ते वाकडं असल्यानं कुणाचं काय अडलं होतं, हे कुणी विचारलं नाही. आपल्याला पाहून ते हलतं की पोटाखाली जातं, एवढं पाहिलं तरी पुरे.