नाव जुने, हाक कोणती?

गेल्या काही वर्षांत आपल्या शाळेच्या हजेरीपटावर जुनी नावे परत येऊ लागली आहेत. रमा, जानकी, रुक्मिणी, गोदावरी. आणि गाव इंदूर म्हटल्यावर अहिल्या तर हवीच. अर्थ शोधायला कोश उघडावा लागेल अशी नावे वाचून दमलेल्या आम्हां शिक्षकांना याचा आनंदच आहे. पण प्रवेशाच्या वेळी पालक एक प्रश्न हमखास विचारतात, "बाई, नाव पणजीचं ठेवलंय, पण जरा मोठं वाटतं. हिला हाक काय मारायची?" त्याविषयी आमचे मत सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रश्न लहान दिसतो, पण लहान नाही. हाक घरात ठरली नाही तर ती वर्गात ठरते, आणि वर्गाला दयामाया नसते. आठ दिवसांत अहिल्येची 'आलिया' होते, रुक्मिणीला मुले 'रुक, रुक' म्हणून चिडवतात. मग पोर घरी येऊन म्हणते, "माझं नाव बदला." ज्या नावात पणजीची आठवण जपायची, त्याचीच तिला लाज वाटू लागते.

खरे तर मराठीत हाकेच्या वाटा तयारच आहेत. गोदावरीची गोदा किंवा गोदू, सरस्वतीची सरू, यमुनेची यमू, पार्वतीची पारू, इंदिरेची इंदू, शकुंतलेची शकू. शेवटी 'ऊ' आला की माया येते, आणि नावाचे मूळही ऐकू येत राहते. 'जिजाऊ'मध्ये तर हाच 'ऊ' आदराचाही झाला. संत जनाबाईंनी स्वतःला अभंगात 'जनी' म्हटले, त्यात कुठे कमीपणा आला?

मात्र इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. 'ई' आणि 'ए' लावलेल्या सगळ्याच हाका प्रेमाच्या नव्हत्या. वाड्यातली मालकीण 'रुक्मिणीबाई' आणि भांडी घासणारी 'रखमी' हा भेद आपल्याच समाजाने केला. शिवाय मुलीचे बारशाचे नाव टिकायचे तरी किती? डॉ. आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे या दोघीही माहेरच्या यमुना. सासरी गेल्यावर एकीची आनंदी झाली, दुसरीची रमा. माहेरी लाडाची हाक, सासरी नवे नाव, आणि बारशाचे नाव पाळण्यापुरतेच. आज सुदैवाने तसे राहिलेले नाही. म्हणूनच आम्ही म्हणतो, हाक ही नावाची धाकटी बहीण असावी, सवत नसावी.

आपण पिढ्यान् पिढ्या हिंदी मुलखात राहतो, तेव्हा दोन्ही कानांनी ऐकून हाक निवडावी. मनीषाची 'मनी' केली, तर मराठी घरात मांजर आठवते आणि इंग्रजी वर्गात पैसा. आपल्या शाळेत 'बाई' म्हणजे शिक्षिका, पण शेजारच्या कॉलनीत 'बाई' म्हणजे कामवाली. 'कमळी' किंवा 'मंगळा' अशी हाक असेल तर हिंदी जिभेवर 'ळ'चा 'ल' होणार, हे धरूनच चालावे. तरी 'ळ' सोडू नका, असे आमचे सांगणे आहे. तो निदान घरात तरी ऐकू यावा. आणि अहिल्येला 'अहि' तर मुळीच म्हणू नये. संस्कृतात त्याचा अर्थ साप! तसे पाहिले तर अहिल्या ही अक्षरे तीनच. त्यांना कात्री लावायची गरजच काय?

नाव तोडायचे नसेल तर नात्याची हाक आहेच. ताई, माई, अक्का, छकुली. 1989 ते 2019 अशी 30 वर्षे इंदूरच्या खासदार राहिलेल्या आणि 2014 ते 2019 लोकसभेच्या अध्यक्ष असलेल्या सुमित्रा महाजन यांना मराठी असो वा हिंदी, सारे शहर 'ताई'च म्हणते. एका मराठी घरगुती हाकेने एवढे मोठे शहर आपलेसे केले, हे आपल्या मुलींना जरूर सांगावे. पण 'बेबी', 'पिंकी', 'डॉली' यांचा मोह टाळावा. पाच वर्षांची बेबी गोड वाटते. साठाव्या वर्षी 'बेबीमावशी' झाल्यावर तिचे खरे नाव भाच्यांनाही ठाऊक नसते.

शाळेपुरते आमचे धोरण सरळ आहे. हजेरी पूर्ण नावानेच घेतली जाईल. वर्गात लाडाची हाक चालेल, पण ती मुलीला आवडणारी असली तरच. चिडवण्याचे नाव आमच्या कानी आले तर ते तिथेच थांबवू. पालकांनीही तिसरी-चौथीत गेल्यावर मुलीला एकदा विचारावे, "तुला काय म्हटलेलं आवडतं?" तिने नको म्हटले तर आजी-आजोबांसकट सगळ्यांनी ते ऐकावे. लाड आपले असले तरी नाव तिचे आहे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. प्रवेश-अर्ज, जन्मदाखला आणि आधार कार्ड या तिन्हींवर एकच पूर्ण नाव, एकाच स्पेलिंगने लिहा. एका कागदावर 'गोदावरी' आणि दुसऱ्यावर 'गोदा' असले, की पुढे दहावीच्या गुणपत्रिकेच्या वेळी धावपळ होते.

आणि मुलीला तिच्या नावाची गोष्ट सांगा. ती पणजी कोण, कुठल्या गावची, मुलखाबाहेर कशी आली, काय करीत असे. ज्या मुलीला आपल्या नावामागचे माणूस ठाऊक असते, तिला वर्गातल्या चिडवण्याने रडू येत नाही. उलट ती म्हणते, "गोदू नाही, गोदावरी म्हण."