हास्यवायु आणि वेगाची परीक्षा

वेगाची हौस मनुष्यास उपजतच असते. पाळण्याचा झोका मोठा झाला कीं तान्हें मूल खिदळूं लागतें. उतार लागला कीं शाळकरी मुलगा सायकलीस पाय मारणें थांबवून वारा कानांत घुमूं देतो. आणि मिसरूड फुटूं लागलें कीं त्याच मुलाचें मन मोटारींच्या गोष्टींत रमतें. ही हौस निंद्य आहे असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु नायट्रस ऑक्साइड नांवाच्या वायूनें मोटारींचा वेग कसा वाढवितात, तो वाढवितांना इंजिनें कशीं फुटतात, आणि तरीही वेगाचे भक्त कसे मागें हटत नाहींत, यांच्या रसभरित कथा व चलच्चित्रें आमच्या विद्यार्थ्यांपुढें आज नित्य येत आहेत. तीं पाहून विचारी मनांत प्रश्न यावा : हें शास्त्र आहे कीं तमाशा आहे? आमचें मत असें कीं, एकाच बाटलींत दोन्हीही आहेत. आणि बाटली उघडण्यापूर्वीं व उघडल्यानंतर मनुष्य काय करतो, यावरूनच त्यांतील भेद ओळखावा.

प्रथम या वायूचें काम समजून घेऊं. पेट्रोल जळण्यास प्राणवायु लागतो, आणि इंजिनास जेवढा प्राणवायु ओढून घेतां येईल तेवढेंच पेट्रोल जळूं शकतें. साध्या हवेच्या वजनांत प्राणवायूचा वांटा शेंकडा २३ च्या सुमारास असतो. नायट्रस ऑक्साइडांत, म्हणजे ज्यास आपण हास्यवायु म्हणतों त्यांत, तो शेंकडा ३६ असतो. हा वायु स्वतः जळत नाहीं. पण सिलिंडरांतील उष्णतेनें त्याचे घटक सुटे होतात, व जादा पेट्रोल जाळण्यास जादा प्राणवायु मिळतो. शिवाय बाटलींत दाबाखालीं द्रवरूपानें राहिलेला हा वायु बाहेर पडतांच अतिशय थंड होतो, आणि त्या गारव्यानें आंत जाणारी हवा दाट होते. कळ दाबावी आणि इंजिनाची शक्ति एकाएकीं वाढावी, असा हा प्रकार आहे. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांनीं, व पुढें ब्रिटिशांनींही, आपल्या कांहीं विमानांच्या इंजिनांस हा वायु पाजला होता. शर्यतीच्या मोटारींत त्याचा प्रसार झाला तो त्यानंतर.

या वायूचा जुना इतिहासच आमच्या म्हणण्याची साक्ष देतो. इंग्लंडांतील जोसेफ प्रीस्टली यानें १७७२ सालीं तो प्रथम तयार केला. पुढें १७९९ सालीं ब्रिस्टल येथील वायुचिकित्सेच्या एका संस्थेंत हम्फ्री डेव्ही नांवाचा वीस वर्षांचा तरुण कामास होता. हा वायु प्राणघातक आहे असें एका अमेरिकन पंडितानें प्रतिपादिलें असतांही त्यानें तो स्वतः हुंगून पाहिला. हें साहस खरेंच. परंतु साहसाबरोबर त्याची वहीही चालत होती. किती वायु घेतला, किती वेळ घेतला, नाडी कशी चालली, अंगांत काय वाटलें, हें सर्व तो टिपून ठेवी. आणि १८०० सालीं त्यानें तें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. हा वायु वेदना नाहींशी करतो, तेव्हां शस्त्रक्रियेंत त्याचा उपयोग होऊं शकेल, अशी सूचनाही त्यानें त्याच ग्रंथांत करून ठेविली आहे. याच तरुणानें दुसरे विषारी वायूही हुंगून पाहिले व त्यांत तो मरतां मरतां वांचला, हेंही विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. हातांत वही आहे म्हणून मृत्यु दूर उभा राहत नाहीं.

लोकांनीं मात्र त्या सूचनेकडे लक्ष दिलें नाहीं; त्यांना हंसें हवें होतें. पैसे घेऊन हा वायु खेळांत हुंगावयास देत, आणि हुंगणाराच्या माकडउड्या पाहून प्रेक्षक पोट धरून हंसत. १८४४ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील हार्टफर्ड या गांवीं अशाच एका खेळांत वायूच्या धुंदींत एका माणसाच्या पायास जखम झाली, पण त्यास तिची जाणीवही झाली नाहीं. इतरांनीं त्याच्या उड्या पाहिल्या. होरेस वेल्स नांवाच्या दंतवैद्यानें त्याची जखम पाहिली. दुसऱ्याच दिवशीं वेल्सनें हा वायु घेऊन आपला स्वतःचा दांत उपटून घेतला, व वेदनारहित शस्त्रक्रियेच्या इतिहासास एक नवें पान जोडलें गेलें. चव्वेचाळीस वर्षें जें तमाशानें झांकून ठेविलें होतें, तें एका निरीक्षणानें उघडें केलें. तो जुना तमाशा अद्यापही संपलेला नाहीं. नशेसाठीं हा वायु वारंवार हुंगल्यास शरीरांतील ब-१२ जीवनसत्त्व निकामी होऊन मज्जातंतूंस कायमची इजा पोंचूं शकते. म्हणूनच ब्रिटननें २०२३ सालीं तशा हेतूनें तो बाळगणें हा गुन्हा ठरविला.

आतां हाच न्याय मोटारीस लावून पाहूं. जादा प्राणवायु आला, पण त्याच्या बरोबरीचें पेट्रोल आलें नाहीं, तर सिलिंडरांतील उष्णता इतकी भडकते कीं ॲल्युमिनियमचा दट्ट्या लोण्यासारखा वितळतो. ठिणगी योग्य क्षणाच्या आधीं पडली, तर हातोड्याचे घाव बसावे तसे आंत स्फोट होतात. इंजिन मंद फिरत असतां वायु सोडला, तर तो पेट्रोलासह नळींत सांचतो, आणि ज्वाला उलटी येऊन ती वाटच फोडून टाकते. असे प्रसंग मोठ्या चवीनें सांगितले जातात. ऐकणाराच्या अंगावर कांटा उभा राहतो व सांगणाराचा भाव वाढतो. परंतु दट्ट्या कां वितळला हें जर सांगणारास ठाऊक नसेल, तर त्याच्या हातीं मोडकें इंजिन आणि एक गोष्ट यांवांचून कांहींच राहत नाहीं.

कसलेल्या परीक्षकाची रीत निराळी असते. तो पहिल्याच दिवशीं मोठी शक्ति मागत नाहीं. ज्या पितळी तोटीच्या छिद्रांतून वायु जातो, तें छिद्र तो प्रथम लहान घेतो. मोटार रस्त्यावर न नेतां तिचीं चाकें शक्तिमापक यंत्राच्या रुळांवर फिरवितो. फेरीपूर्वीं व फेरीनंतर बाटलीचें वजन करतो, म्हणजे किती वायु खर्च झाला हें कळतें. मग इंजिन बंद करून स्पार्क प्लग काढतो आणि भिंगानें न्याहाळतो. प्लगाच्या पांढऱ्या चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे बारीक कण दिसले, कीं दट्ट्या वितळूं लागला आहे असें समजून तो हात आंखडता घेतो. न दिसले, तरच छिद्र एक पायरी मोठें करतो. फेरी कांहीं सेकंदांची. तिच्यामागचें निरीक्षण मात्र तासाचें. चलच्चित्रांत फेरी दिसते. भिंग घेऊन बसलेला मनुष्य दिसत नाहीं.

कोणी म्हणेल, जाणत्या माणसांस एवढी सावधगिरी कशाला? त्यास मोहावीचा प्रसंग सांगावा. कॅलिफोर्नियांतील मोहावी येथें स्केल्ड कॉम्पोझिट्स या कंपनीनें बांधलेलें स्पेसशिपवन हें यान २००४ सालीं शंभर किलोमीटरांहून अधिक उंच गेलें. खाजगी प्रयत्नानें मनुष्यास अवकाशांत नेणारें तें पहिलें यान. आणि त्याच्या इंजिनांत रबराचें इंधन जाळण्यास हाच हास्यवायु वापरला होता. असे ते नाणावलेले कारागीर. तरी २६ जुलै २००७ रोजीं तेथेंच पुढील यानासाठीं या वायूच्या प्रवाहाची परीक्षा चालूं असतां स्फोट झाला. तीन माणसें मृत्यु पावलीं व तीन जखमी झालीं. त्या वेळीं इंजिन पेटविलेलेंही नव्हतें. वायु केवळ वाहूं दिला होता. कामगारांस या वायूच्या धोक्यांचें पुरेसें शिक्षण दिलें नव्हतें, असा ठपका तेथील कामगार-सुरक्षा खात्यानें पुढें ठेविला. ओळखीचा वायु म्हणजे निरुपद्रवी वायु नव्हे. जेथें जाणत्यांचाही घात होतो, तेथें अर्धवट माहितीवर विसंबणाराची काय कथा?

धाडसावांचून शोध नाहीं, असा आक्षेप यावर निघेल, आणि तो आम्हांस मान्य आहे. परंतु धाडसाचें मोल कोण देतो, हाही प्रश्न विचारला पाहिजे. डेव्हीनें जीव पणास लावला तो स्वतःचा. सार्वजनिक रस्त्यावर वेगाचा प्रयोग करणारा तरुण आपल्याबरोबर दूधवाल्याचा, बाजारास निघालेल्या म्हातारीचा व शाळेंतून परतणाऱ्या मुलांचा जीव पणास लावतो, आणि त्यांपैकीं कोणाचीही संमति त्यानें घेतलेली नसते. म्हणूनच १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदलेल्या गाडींत मन मानेल तसे फेरफार करूं देत नाहीं, आणि १८९ वें कलम सरकारच्या संमतीवांचून रस्त्यावर शर्यती व वेगाच्या परीक्षा करण्यास मनाई करतें.

आपलें हवामानही येथें विचारांत घेतलें पाहिजे. वीस अंश सेंटिग्रेडवर बाटलींतील दाब हवेच्या दाबाच्या सुमारें पन्नासपट असतो. ३६ अंशांच्या पुढें तो सत्तरपटींहून अधिक होतो, व मग कितीही दाबलें तरी हा वायु द्रवरूपानें राहतच नाहीं. वैशाखांत नागपूर-चंद्रपुराकडे सावलींतही पारा चाळीस ओलांडतो. मग उन्हांत उभ्या केलेल्या मोटारीच्या बंद पेटींत काय होत असेल? थंड देशांत ठरविलेलें माप तेथें खोटें पडतें, आणि दुसऱ्याची नक्कल करणारास तें खोटें पडल्याचें कळतही नाहीं.

पालकांस मात्र आमची एक विनंति आहे. केवळ "हात लावूं नकोस" असें म्हणून मुलाची हौस मरत नाहीं; ती दृष्टीआड होते, आणि दृष्टीआडची हौस अधिक घातक. ज्या मुलास यंत्राची आवड आहे त्यास जुनें इंजिन खोलावयास द्यावें, जवळ एक वही व तराजू ठेवावा, आणि एखाद्या भल्या मिस्त्रीजवळ त्यास बसवावें. मोटारींची परीक्षा हा आज मानाचा व्यवसाय आहे. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था १९६६ पासून पुण्यांत तेंच कार्य करीत आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी फॉर्म्युला भारत या स्पर्धेसाठीं स्वतः शर्यतीची मोटार बांधतात, आणि तज्ज्ञांनीं ती तपासून संमति दिल्यावांचून तिला मैदानावर सोडीत नाहींत. वेगाच्या हौसेस असा सन्मार्ग उपलब्ध आहे.

विद्यार्थिमित्रहो, यापुढें वेगाच्या पराक्रमाची कथा ऐकाल तेव्हां सांगणारास तीन प्रश्न विचारा. तूं काय मोजलेंस? कोणती खूण दिसली असतां तूं थांबणार होतास? आणि नुकसान झालें असतें तर तें कोणाचें झालें असतें? या तिन्हींचें नीट उत्तर जो देईल, त्याच्यापाशीं बसा व शिका. जो केवळ हंसेल, त्याच्या गाडीवर मागें बसूं नका.