आज्ञावलीचे शिक्षण : वर्षाकाठी सहा तास

संगणकाला आज्ञा लिहून देण्याची विद्या शालेय वयातच मुलांच्या हाती पडावी, याविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर उच्च प्राथमिक वर्गांपासूनच तिचा ओनामा करण्यास सांगितले आहे. प्रश्न एवढाच की, बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर किंवा लोणार तालुक्यातल्या एखाद्या शाळेत वर्षभरात ती कितपत शिकविता येईल? याचे उत्तर धोरणात नाही. ते शाळेच्या वेळापत्रकात शोधावे लागेल.

साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे. नववीच्या वर्गात साठ मुले, खोलीत दहा संगणक आणि आठवड्याला पस्तीस मिनिटांच्या दोन तासिका असे गृहीत धरू. एका यंत्रापुढे सहा मुले बसणार. प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातून बारा मिनिटेही येत नाहीत. तीस आठवडे अखंड धरले तरी वर्षाकाठी जेमतेम सहा तास. हेदेखील सर्व यंत्रे चालू आहेत, वीज आहे आणि शिक्षक निवडणुकीच्या कामावर गेलेले नाहीत, असे मानून! २०२४-२५ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील ६४.७ टक्के शाळांतच संगणकाची सोय आहे. या हिशेबापर्यंत बाकीच्या शाळा पोहोचतच नाहीत.

सहा तासांत फार तर कळफलकाशी ओळख होईल. आज्ञावली लिहिणे म्हणजे मुख्यतः स्वतःची चूक शोधणे होय. एक ते दहा या संख्यांची बेरीज करण्यास विद्यार्थी यंत्राला सांगतो आणि उत्तर ५५ ऐवजी ४५ येते. यंत्र तक्रार करीत नाही, कारण त्याने सांगितल्याबरहुकूम काम केलेले असते. फेरा नवावरच थांबला, हे मुलाला एकेक पायरी कागदावर मांडून पाहिल्यावरच उमगते. तो क्षण खऱ्या शिक्षणाचा. परंतु नेमकी तेव्हाच घंटा होते. शिवाय सहांपैकी कळफलक एकाच्याच हाती, आणि बहुधा ज्याच्या घरी संगणक आहे त्याच्याच. उरलेले पाच जण प्रेक्षक.

इंग्रजीचा बाऊ मात्र फारसा करण्याचे कारण नाही. पायथॉन या भाषेत राखीव शब्द अवघे ३५ आहेत; मराठी माध्यमातील मूल ते आठवड्यात पाठ करील. त्याला अडविते ती चुकीची सूचना इंग्रजीत देणारी ओळ, आणि ती समजावून सांगणारे माणूस जवळ नसणे.

हे माणूस नेमण्याच्या बाबतीतच आपला इतिहास दुबळा आहे. १९८४ मध्ये केंद्राने 'क्लास' प्रकल्पाखाली अडीचशे शाळांत बीबीसी बनावटीचे संगणक पाठविले. २००४ नंतर माहिती तंत्रज्ञानाची योजना आली. राज्यात अनेक शाळांमध्ये यंत्रे व निदेशक कंत्राटदारामार्फतच पुरविण्यात आले. मुदत सरली की निदेशक गेला आणि खोलीला कुलूप लागले. खडू संपला तर नवा मागविता येतो. वर्षभर मुलांच्या चुका ओळखू लागलेला शिक्षक तसा मागविता येत नाही. हे काम गणिताच्या कायम शिक्षकाकडे सोपवून, त्याच्या कार्यभारातून तेवढ्या तासिका वजा करणे खर्चिक आहे खरे. तथापि दर काही वर्षांनी भंगारात जाणाऱ्या यंत्रांइतके खासच नाही. यंत्र मोकळे नसेल तेव्हा निम्मे काम वहीवर करता येते, किंबहुना करावेच.

जिल्ह्यातच शेगावला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथे प्रवेश घेणाऱ्या खेड्यातील मुलापुढे, शाखा कोणतीही असो, प्रोग्रामिंगचा विषय येऊन उभा राहतो. शेजारच्या बाकावर शहरातील विद्यार्थी असतो. त्याने ४५ आणि ५५ मधला घोळ नववीतच, शिकवणीवर्गाची फी मोजून, निस्तरलेला असतो.