हिरवं दिसलं की ट्रायकोडर्मा?

धिंगरी मशरूमच्या बेडवर हिरवा डाग दिसला की आपल्याकडचे सल्लागार लगेच नाव सांगून मोकळे होतात: ट्रायकोडर्मा. पाठोपाठ औषध: बाविस्टिन. बुरशी कुठली, आली कुठून, कोणी विचारत नाही. या आळसाची मला चीड येते, कारण बेड फेकावे लागतात ते शेतकऱ्याला.

1985 च्या सुमारास उत्तर आयर्लंडमध्ये बटन मशरूमवर हिरव्या बुरशीची साथ आली. सूक्ष्मदर्शकाखाली ती ट्रायकोडर्मा हार्झियानम दिसे. पण त्याच नावाची बुरशी कंपोस्टमध्ये फारसं नुकसान न करताही सापडायची. एका नावाखाली वेगवेगळे जीव कोंबले होते, हे नव्वदच्या दशकात डीएनएने दाखवलं. 2002 मध्ये पीक बुडवणारीला स्वतंत्र नाव मिळालं: ट्रायकोडर्मा अ‍ॅग्रेसिव्हम. युरोपातला प्रकार वेगळा, उत्तर अमेरिकेतला वेगळा. ही बुरशी सुरुवातीला पांढरीच असते, मशरूमच्या तंतूंतून वेगळी ओळखू येत नाही. हिरवी पडेपर्यंत कंपोस्ट गेलेलं असतं. पीसीआर ही डीएनए चाचणी तिला त्याआधी पकडते, डोळा नाही पकडत.

मर रोगावर आपण जी ट्रायकोडर्मा पावडर शेतात टाकतो, तशाच जैविक औषधांतून ही साथ आली, असा तेव्हा संशय घेतला गेला. औषधातल्या बुरशीचा डीएनए साथीच्या बुरशीशी जुळला नाही, म्हणून तो आळ टळला. सूक्ष्मदर्शकाच्या भरवशावर राहिले असते तर तो कायमचा चिकटला असता.

धिंगरीच्या वैरिणी आणखी वेगळ्या: ट्रायकोडर्मा प्ल्युरोटी आणि प्ल्युरोटिकोला. यातली एखादी शेडमध्ये घुसली असेल तर शेड रिकामी करून धुवावी लागते. साधी बुरशी असेल तर दोष बहुधा काड भिजवण्यात, निर्जंतुक करण्यात असतो. दोन्हीला शंभर लिटर पाण्यात तेच साडेसात ग्रॅम बाविस्टिन सांगणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

आणि जिथे डीएनए तपासणी होते, तिथेही फसवणूकच. मी एका प्रयोगशाळेकडे नमुना दिला. त्यांनी डीएनएचा फक्त आयटीएस भाग वाचला, डेटाबेसमध्ये सगळ्यात वर आलेलं नाव चिकटवलं आणि बिल दिलं. हार्झियानमच्या जवळच्या कित्येक प्रजातींत आयटीएस इतका सारखा असतो की त्यावरून नाव ठरतच नाही. टेफ-1 जनुक वाचावंच लागतं. हे तिथल्या तज्ज्ञांना माहीत नाही, असं मी मानत नाही. टेफ-1 शिवाय प्रजातीचं नाव छापलेला अहवाल मी आता परत पाठवतो आणि पैसेही परत मागतो. प्रत्येक मशरूमवाल्याने मागावेत.